नव्याने बांधलेल्या जुन्या इंजिनाचा सेल्फ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनाचं फुल काम झालं, गाडी घरी आली, पेढे वाटले, चावी फिरवली आणि नुसतं ‘टक्’. सोलापुरात फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप जपणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा क्षण कधी ना कधी अनुभवला आहे. त्यानंतर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र लिहिले आहेत. मी मिस्त्री नाही. काकांची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू सांभाळता सांभाळता आणि ओळखीच्यांच्या गाड्यांखाली झोपून जे कळलं, ते सांगतो आहे.

इंजिनाचं काम होण्याआधी सेल्फ ठणठणीत होता. आता का घेत नाही?

कारण मधल्या काळात सेल्फ बदललेला नाही. बदललं आहे ते इंजिन, आणि इंजिनाला जोडलेली प्रत्येक वायर.

झिजलेल्या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा सैल असतात, बेअरिंगमध्ये खेळ असतो, कॉम्प्रेशन अर्धं उडून गेलेलं असतं. असं इंजिन फिरवायला फारसा जोर लागत नाही. दमलेली बॅटरी, गंजलेलं टर्मिनल, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) संपत आलेला सेल्फ हे सगळं त्यात खपून जातं. नवीन बोअर, नव्या रिंगा आणि नव्या बेअरिंगा बसल्या की तेच इंजिन घट्ट होतं, कॉम्प्रेशन पूर्ण येतं आणि सेल्फला दुप्पट कष्ट पडतात. वर्षानुवर्षं दडलेले विजेचे दोष त्या दिवशी उघडे पडतात.

दुसरं असं की इंजिन उतरवताना दहा वायरी सुटतात. चढवताना एखादी राहते, एखादी रंगावर आवळली जाते. म्हणून माझं ठाम मत आहे : इंजिनाच्या कामानंतर सेल्फ घेत नसेल, तर सेल्फ सगळ्यात शेवटी खोला. आधी मीटर (व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर) हातात घ्या.

सेल्फ आणि स्टार्टर मोटर एकच ना?

एकच. गॅरेजमध्ये सगळे ‘सेल्फ’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपले मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागाला, ‘डेल्को’ म्हणतात. डेल्को ही चार्ल्स केटरिंग यांनी भागीदारीत उभी केलेली अमेरिकन कंपनी. विजेवर चालणारा पहिला यशस्वी सेल्फ याच कंपनीचा, आणि तो १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. म्हणजे ज्यांनी हँडल मारण्यातून जगाची सुटका केली, त्यांचं नाव आपल्या गॅरेजांमध्ये रोज घेतलं जातं, फक्त शेजारच्या भागाला.

तपासणी कुठून सुरू करू?

कानापासून. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची (सेल्फला मोठी वीज जोडणाऱ्या विजेच्या स्विचपर्यंतची) बारीक वायर, सोलेनॉइड किंवा बॅटरीचं टर्मिनल यांपैकी काहीतरी तुटलं आहे. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज येत असेल, तर सोलेनॉइडला खेचायला वीज मिळते, पण मोटरचा भार आला की ती कोसळते. इथे संशय बॅटरीवर आणि सांध्यांवर घ्यायचा. एकच जड ‘टक्’ येऊन शांतता पसरली, तर सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळले आहेत, कार्बन कम्युटेटरला (ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांना) टेकत नाहीत, किंवा इंजिनच अडकलं आहे. आणि मोटर नुसती ‘घूंऽऽ’ करून मोकळी फिरत असेल, तर पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलपर्यंत (इंजिनाच्या मोठ्या चाकापर्यंत) पोचत नाही.

मग रात्री, किंवा दार लावलेल्या शेडमध्ये, हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट मंद होऊन तसाच टिकला तर वीज मोटरपर्यंत जाते आहे आणि मोटर किंवा इंजिन तिच्याशी झगडतं आहे. लाइट पूर्ण विझला तर एखादा सांधा ढिला आहे, बहुतेक वेळा बॅटरीचाच. लाइटवर काहीच परिणाम झाला नाही तर मोटरमध्ये वीज शिरतच नाही. या परीक्षेला पैसे लागत नाहीत आणि अर्धा गुंता सुटतो.

बॅटरी नवीन आहे, तरी ती तपासायची का?

हो. इंजिनाचं काम दोन-तीन महिने लांबतं आणि तेवढे दिवस बॅटरी कोपऱ्यात पडून असते. आपल्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ अंशांवर असताना, न वापरलेली बॅटरी थंड प्रदेशापेक्षा लवकर उतरते. पूर्ण भरलेली बॅटरी थोडा वेळ विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. सेल्फ मारत असताना, मीटरची टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरून बघा. साधारण ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा. तरीही तेच असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ नको तितकी वीज ओढतो आहे. १०.५ च्या वर टिकत असेल आणि तरीही सेल्फ रडत असेल, तर बॅटरीला दोष देणं थांबवा आणि पुढचा प्रश्न वाचा.

‘व्होल्टेज ड्रॉप’ कसा मोजायचा?

या पानावरचा हा सगळ्यात कामाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो. व्होल्टेज ड्रॉप म्हणजे वायरीत आणि सांध्यांत वाटेतच हरवणारे व्होल्ट.

जुन्या चार सिलिंडरच्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो. घट्ट इंजिनावर सुरुवातीच्या झटक्याला त्याहून जास्त. आता हिशोब बघा. १५० अँपिअरच्या वाटेत एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त ०.०१ ओहम असेल, तर त्या एका सांध्यात दीड व्होल्ट जळून जातो. आणि ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर दिसतही नाही, तो शून्यच दाखवतो. बीपचा आवाज येतो, वायरमन म्हणतो वायर चांगली आहे, आणि सेल्फ मात्र उपाशी राहतो. म्हणून ही वायर भार चालू असतानाच तपासायची.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. इग्निशन कॉइलला येणारी बारीक वायर काढा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच. काळं टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. मदतनिसाला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. या वाटेवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. नंतर दुसरी वाट : एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं सेल्फच्या उघड्या लोखंडी अंगावर. इथे ०.२ ते ०.३ च्या वर गेलं की अर्थिंगमध्ये, म्हणजे लोखंडी अंगातून बॅटरीकडे वीज परतण्याच्या वाटेत, दोष आहे.

आकडा जास्त आला तर एकेक टप्पा पुढे सरकत जा : खुंटीपासून क्लॅम्प, क्लॅम्पपासून वायरची थिंबल (टोकावरचा धातूचा डोळा), थिंबलपासून सोलेनॉइडचा बोल्ट, सोलेनॉइडच्या एका मोठ्या बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत. जिथे आकडा उडी मारेल, तिथेच चोर सापडतो. दहा मिनिटांचं काम आहे.

अर्थिंगचा एवढा बाऊ का?

कारण मी स्वतः त्यात होरपळलो आहे. आमच्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन बांधून आलं तेव्हा ते इतकं देखणं दिसत होतं की शेजारपाजारचे बघायला आले. ब्लॉकला, गिअरबॉक्सला, सेल्फ बसतो त्या कडेलासुद्धा जाड, चकचकीत रंग मारलेला होता. सेल्फ मात्र कण्हत होता. मी सेल्फ रिवाइंड करून आणला. फरक नाही. ओळखीच्याकडून दुसरा सेल्फ आणून बसवला. तोही कण्हला. तिसऱ्या दिवशी सेल्फ मारताना चोकच्या तारेतून धूर निघाला.

त्या धुराने सगळं सांगितलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चासीपासून तुटलेलं असतं. चासी आणि इंजिन यांना जोडणारी तांब्याच्या विणीची पट्टी काम करताना काढली होती आणि पुन्हा लावायची राहिली होती. दीडशे अँपिअर वीज परत जायला वाट शोधत होती, तिला चोकची पोलादी तार सापडली आणि ती तापून लाल झाली. अ‍ॅक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल अशीच बळी पडू शकते. पेट्रोलचा पाइप जवळून जात असेल तर काय होऊ शकतं याचा विचार मी आजही करतो.

म्हणून इंजिन चढवताना दोन गोष्टींवर तडजोड करू नका. सेल्फ जिथे टेकतो ती कडा आणि त्याच्या बोल्टांखालची जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं करा. आणि गिअरबॉक्स किंवा इंजिनाच्या बोल्टापासून चासीपर्यंत नवी, रुंद, विणलेली पट्टी लावा. दोन्ही टोकांखालचा रंग खरवडा, आवळा, वरून थोडी व्हॅसलीन लावा म्हणजे गंज धरत नाही. पावडर कोटिंग केलेल्या चासीवर हे आणखी महत्त्वाचं, कारण ते कोटिंग साध्या रंगापेक्षा जाड आणि चिवट असतं, नुसता बोल्ट आवळून त्याच्या आरपार जाता येत नाही.

वायर किती जाड हवी?

चांगल्या तांब्याची ३५ चौरस मिलिमीटरची. बाजारात जाड रबर आणि आत बारीक तांबं अशी फसवी वायर मिळते, म्हणून विकत घेताना टोक कापून आतलं तांबं बघा. १६ चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर वायरीत १५० अँपिअरला जवळपास ०.३५ व्होल्ट जातो; ३५ च्या वायरीत त्याच्या निम्म्याहून कमी. थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका, ती यंत्राने दाबून घ्या.

सेल्फ घूं-घूं फिरतो, इंजिन हलत नाही.

इथे तुमचा सेल्फ कोणत्या जातीचा आहे ते कळायला हवं. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांवर, आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरवरही, बेंडिक्सचा सेल्फ असतो. त्यात मोटर झटक्यात फिरली की पिनियन मळसूत्रावरून सरकतं आणि फ्लायव्हीलच्या रिंगेत शिरतं. त्याला ढकलणारं दुसरं काही नाही, सोलेनॉइड तिथे निव्वळ स्विच असतो आणि तो सेल्फपासून दूर बसलेला असतो. दुसऱ्या जातीत सोलेनॉइड मोटरच्या पाठीवर बसतो, तो आधी काट्याने पिनियन रिंगेत ढकलतो आणि मग मोटरला वीज देतो. पद्मिनीवर बहुधा हाच दिसतो.

बेंडिक्सवाला घूं-घूं करत असेल तर नव्वद टक्के वेळा मळसूत्रावर चिकट घाण असते. आणि ती घाण बहुतेक वेळा प्रेमापोटीच साचलेली असते : कोणीतरी त्याला भरपूर ग्रीस लावलेलं असतं. क्लचची काळी धूळ त्या ग्रीसमध्ये बसते आणि सोलापूरच्या रस्त्यांची पांढरी धूळ वरून भर घालते. सेल्फ उतरवा, मळसूत्र रॉकेलने स्वच्छ धुवा, वाळवा, आणि ग्रीस अजिबात लावू नका. अगदी पातळ तेलाचा एखादा थेंब पुरे. तो भाग कोरडाच चालायला बनवलेला आहे.

पाठीवर सोलेनॉइड असलेला सेल्फ घूं-घूं करत असेल तर पिनियनमधला एकाच दिशेने धरणारा क्लच घसरतो आहे. तो दुरुस्त होत नाही, पूर्ण ड्राइव्ह बदलावा लागतो.

सेल्फ मारला, ‘खट्’ झालं, आणि आता काहीच हलत नाही.

बेंडिक्सचं पिनियन रिंगेत अडकलं आहे. घाबरू नका. इग्निशन बंद करा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागे-पुढे झुलवा. बहुतेक वेळा ‘टण्’ असा आवाज होऊन सुटतं. नाही सुटलं तर सेल्फच्या मागच्या टोकाला छोटी टोपी असते, ती काढली की आर्मेचरच्या (मोटरच्या आत फिरणाऱ्या भागाच्या) दांड्याचं चौकोनी टोक दिसतं. त्याला पाना लावून फिरवलं की पिनियन मागे सरकतं. हे चौकोनी टोक त्यासाठीच दिलेलं आहे, पण कितीतरी जणांना ते ठाऊक नसतं आणि ते रस्त्यात सेल्फ उतरवत बसतात.

वारंवार अडकत असेल तर सेल्फचे बोल्ट ढिले आहेत का बघा, आणि मग रिंगेकडे जा.

रिंगेचे दाते खराब आहेत हे कसं ओळखायचं? काम झालेल्या इंजिनात तरी ते चांगले असायला हवेत.

हवेत, पण पैसे वाचवायला रिंग तशीच ठेवली जाते. चार सिलिंडरचं इंजिन बंद पडताना कॉम्प्रेशनला अडखळून थांबतं, आणि कॉम्प्रेशन अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यावर येतं. त्यामुळे फ्लायव्हील नेहमी समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं आणि पिनियन त्याच दोन जागांचे दाते आयुष्यभर खातं. बाकीची रिंग नव्यासारखी असते. म्हणून ‘कधी घेतो, कधी करकरतो’ अशी तक्रार असेल तर हँडलने इंजिन थोडं फिरवून पुन्हा सेल्फ मारा. आता घेतला तर दाते गेले आहेत.

इंजिन खाली असताना रिंग तापवून काढून ९० अंश फिरवून बसवली तर झिजलेल्या जागेवर चांगले दाते येतात. जुनी पण चोख युक्ती आहे. बसवताना रिंग सगळीकडून सारखी तापवायची, लाल होऊ द्यायची नाही. लाल झाली की दात्यांचा कडकपणा जातो.

आणि दात्यांच्या ज्या बाजूला उतार दिलेला असतो, ती बाजू पिनियन येतं तिकडेच हवी. काही सेल्फमध्ये पिनियन मोटरपासून दूर जातं, काहीत ते मोटरच्या दिशेने ओढलं जातं. जात बदलून दुसराच सेल्फ बसवला असेल तर उतार उलट्या बाजूला राहतो आणि पहिल्या दिवसापासून करकर सुरू होते. नवी रिंग आणली असेल तर जुनीशी दाते मोजून घ्या. एका दात्याचा फरकही चालत नाही.

सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतं.

टायमिंग जास्त पुढे आहे. पिस्टन वर पोचण्याआधीच स्पार्क पडतो आणि इंजिन मागे ढकललं जातं. जुन्या सैल इंजिनात ते जाणवलं नव्हतं, आता पूर्ण कॉम्प्रेशनवर तोच झटका बेंडिक्सची स्प्रिंग तोडतो, कधी सेल्फचं नाकाडही फोडतो.

खात्री करायची सोपी रीत : कॉइलची बारीक वायर काढा आणि सेल्फ मारा. आता इंजिन सुरळीत, भरभर फिरलं, तर सेल्फ निर्दोष आहे. डेल्को थोडा मागे घ्या आणि टायमिंग मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा, कानावर नव्हे. वायर काढूनही तसंच अडखळत असेल, तर पुढचा प्रश्न.

इंजिनच जास्त घट्ट असेल तर?

चारही स्पार्क प्लग काढा. आता कॉम्प्रेशन नाही, उरलं ते फक्त घर्षण. हँडल लावून हाताने फिरवा. नवीन इंजिनात जडपणा असतोच, पण तो पूर्ण फेऱ्यात सारखा असला पाहिजे. एका विशिष्ट जागी अडत असेल, तर एखादी बेअरिंग कॅप उलटी किंवा अदलाबदल होऊन बसली असण्याची शक्यता आहे. सेल्फच्या जोरावर ते ‘मोकळं होईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. इंजिन उघडायला सांगा. पैसे दिले आहेत, संकोच कसला?

प्लग काढल्यावर एखाद्या भोकातून पाणी किंवा पेट्रोल उडालं तर देवाचे आभार माना. पाणी म्हणजे हेड गॅस्केटची गळती किंवा हेडला चीर, पेट्रोल म्हणजे कार्बोरेटरची सुई गळते. द्रव दाबला जात नाही. प्लग न काढता सेल्फ मारत राहिला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

सकाळी घरी मस्त चालू होते, तुळजापूरला चहाला थांबलो की घेत नाही.

आपल्या भागातली ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो : २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळपास चोवीस टक्के. काही गाड्यांत सेल्फ सायलेन्सरच्या पाइपाजवळ बसतो. गाडी धावताना वारा लागतो, पण थांबून बॉनेट बंद राहिलं की उष्णता आतच कोंडते. एप्रिल-मे मध्ये तुळजापूरचा घाट चढून आलेल्या नव्या घट्ट इंजिनाला तर विचारूच नका. थंडीत जे सांधे जेमतेम काम करतात, ते गरम झाल्यावर हात वर करतात.

म्हणून गरम अवस्थेतच व्होल्टेज ड्रॉप मोजा. पाइप जवळ असेल तर पाइप आणि सेल्फ यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावा. टायमिंग पुन्हा बघा, कारण गरम इंजिनावर उलटा झटका जास्त जाणवतो. सेल्फचे बुश (दांड्याला आधार देणाऱ्या छोट्या नळ्या) झिजले असतील तर आर्मेचर तापल्यावर आतल्या कडांना घासू लागतं, तेही बघा.

एक फरक ध्यानात ठेवा : सेल्फ भरभर फिरतो आहे, पण गाडी पेटत नाही, हा सेल्फचा दोष नाही. तिथे पेट्रोलची वाफ होते आहे.

सेल्फ खोललाच, तर काय बघायचं?

बॅटरीचं अर्थ टर्मिनल आधी काढा. अंगठी आणि घड्याळही काढा.

कार्बन ८ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर बदला, आणि ते आपल्या खाचेत सहज सरकतात का बघा. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने उजळा. डायनामोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) कम्युटेटरवर पट्ट्यांमधला अभ्रक खोल कोरतात, पण लुकासच्या जुन्या सेल्फवर तो कोरू नये असं कंपनीचंच सांगणं आहे. रिवाइंडिंगवाला सवयीने कोरायला गेला तर थांबवा.

बुशांबद्दल मी जरा हट्टी आहे. मूळ बुश सच्छिद्र कांस्याचे असतात, त्यात तेल मुरलेलं असतं. बसवण्याआधी ते २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे. घाईत लेथवर साध्या पितळेचा बुश करून ठोकला तर तो दिसतो छान, पण त्यात तेल मुरत नाही आणि काही महिन्यांत आर्मेचर पुन्हा घासायला लागतं. आर्मेचरवर चमकदार ओरखडे दिसले तर हेच झालं आहे.

जोडल्यावर बाकावर पकडीत घट्ट धरून एकदा फिरवून बघा, पण दोन-तीन सेकंदच. अशी मोटर भाराविना सोडली की तिचा वेग वाढतच जातो.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना सेल्फ किती वेळ मारायचा?

आधी प्लग काढून, दहा-दहा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती देत, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. प्लग नसल्याने सेल्फवर भार कमी पडतो आणि बेअरिंगांना कोरडं फिरावं लागत नाही. मग प्लग लावून, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे याची खात्री करून, पटकन चालू व्हायला हवं. नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट असतील तर नुसतं कुथत ठेवणं त्यांना घातक आहे. चालू झाल्यावर पहिली वीस मिनिटं २,००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, आयडलवर सोडू नका.

हँडल मारलं तर चालेल का?

चालेल, घट्ट इंजिनाची ओळखही त्यानेच होते. पण अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला विळखा घालू नका, आणि खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. उलटा झटका बसला तर हात सुटला पाहिजे. मनगट मोडलेली माणसं जुन्या पिढीत घरोघरी होती.

जीप ६ व्होल्टची आहे. १२ करू का?

महायुद्धाच्या काळातल्या विलीज जीप ६ व्होल्टवरच चालायच्या. १२ व्होल्टची बॅटरी लावली तर ६ व्होल्टचा सेल्फ जोरात फिरतो आणि थोडा थोडा मारला तर टिकतोही, पण पिनियन रिंगेवर हातोड्यासारखं आदळतं. सोलेनॉइड, कॉइल आणि सगळे बल्ब बदलावे लागतात. मला विचाराल तर ६ व्होल्टच ठेवा आणि वायरी दुप्पट जाड करा. ६ व्होल्टवर तेवढ्याच ताकदीला दुप्पट अँपिअर लागतात, म्हणून बारीक वायरीचा फटका तिथे चौपट बसतो. ‘६ व्होल्ट कमजोर’ ही तक्रार बहुतेक वेळा वायरीची असते.

आमच्या मॉरिसमध्ये प्लस अर्थ आहे (बॅटरीचं प्लस टोक चासीला जोडलेलं). बॅटरी उलटी लावली तर सेल्फ उलटा फिरेल का?

नाही. जुन्या सेल्फमध्ये फिल्ड (बाहेरची स्थिर) आणि आर्मेचर (आतली फिरती) दोन्ही गुंडाळ्यांमधली वीज एकत्र उलटते, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. कायमचं चुंबक असलेला नवा सेल्फ मात्र उलटा फिरेल. आणि डायनामोला पुन्हा ध्रुव द्यावे लागतात, हे विसरू नका.

नवा गिअर रिडक्शनचा सेल्फ बसवू का?

गाडी रोज चालवायची असेल तर वाईट नाही : तो हलका असतो आणि कमी विजेत जास्त जोर देतो. पण अर्थिंगचा दोष झाकायला तो बसवू नका, वर्षभरात तोही कण्हेल.

जुना सेल्फ भंगारात देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते, आणि तिथे गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे. शिवाय, सोलापूरलाच जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी असो की बंगालमधल्या उत्तरपाऱ्याची अ‍ॅम्बेसेडर, त्यांचे मूळ भाग आता कारखान्यातून येणार नाहीत. सेल्फ धुवून, कोरडा करून, मळसूत्रावर पातळ तेलाचं बोट फिरवून, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवा. वर चिठ्ठी लावा : कोणत्या गाडीचा, कार्बन किती उरले, बुश कधी बदलले.

आमचा तसाच ठेवला होता. अर्थिंगची पट्टी लावल्यावर तोच परत चढवला, आणि आज गाडीवर तोच आहे.